कामाच्या दौऱ्यावरून बाळासाठी दूध आणताना

दोन-तीन दिवसांचा दौरा असेल तर काढलेलं दूध वाटेत गोठवायच्या फंदात पडू नये. ते लगेच थंड करावं, थंड ठेवावं आणि पातळच घरी आणावं. गोठवलेलं दूध महिनोन्‌महिने टिकतं हे खरं, पण ते घरच्या फ्रीजरमध्ये. प्रवासात ते गोठलेलंच राहायचं तर सतत शून्याच्या खालचं तापमान लागतं, आणि पिशवीत आपण जो बर्फ भरतो तो असतो शून्यावर. आईचं दूध गोठतं उणे अर्ध्या अंशाच्या आसपास. म्हणजे बर्फात पुरून ठेवलं तरी ते हळूहळू सुटू, म्हणजे वितळू लागतं. एकदा पूर्ण सुटलं की फ्रिजमध्ये त्याला फक्त २४ तास मिळतात, पुन्हा गोठवता येत नाही. न गोठवलेल्या दुधाला ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ४ दिवस मिळतात. जास्त खटाटोप करून कमी मुदत पदरात पडते ती अशी.

शिवाय गोठवताना दुधातल्या जिवंत पेशी मरतात, थंड केलेल्या दुधात त्या बऱ्याच टिकून राहतात. दूधपेढीतलं दूध वेगळं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू झाली. अशा पेढ्यांत दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून निर्जंतुक करतात आणि मग साठवतात. आपलं दूध कच्चं असतं. स्वच्छ हात, स्वच्छ भांडं आणि थंडावा, एवढंच त्याचं संरक्षण.

मुदतीचे आकडे पाठच करून ठेवा. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास. गोठवलेल्या आइस पॅकसह बंद कूलर पिशवीत २४ तास. फ्रिजमध्ये ४ दिवस. उणे १८ च्या फ्रीजरमध्ये ६ महिने उत्तम, १२ महिन्यांपर्यंत चालतं. बाळाने तोंड लावून उरलेलं २ तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. यातले ‘२५ अंश’ नीट वाचा. मे महिन्यातल्या नागपूरला किंवा जळगावला पंख्याखालच्या खोलीत २५ अंश नसतात. पारा पस्तिशीच्या वर असेल तर ४ तासांचा आकडा विसरा आणि दूध काढल्याबरोबर थंडाव्यात टाका. मुदत दूध काढल्या क्षणापासून मोजायची, घरी पोचल्यापासून नाही. बाळ कमी दिवसांचं, आजारी किंवा मुदतीआधी जन्मलेलं असेल तर हे आकडे बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना विचारा, त्यांचे निकष कडक असतात.

किती दूध लागेल, किती निघेल

एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पितं. तासाला ३० मिलिलिटर धरलं की हिशोब सोपा होतो. दोन रात्रींचा, एकूण ५० तासांचा दौरा असेल तर घरी १.५ लिटर ठेवून निघायला हवं. पुरवणी अन्न सुरू झालेलं बाळ यापेक्षा कमी पितं.

हा साठा आठवड्यात होत नाही. सकाळी बाळाला पाजून झाल्यावर अर्ध्या-एक तासाने रोज एकदाच जास्तीचं दूध काढलं तर ६० ते ९० मिलिलिटर निघतं. म्हणजे तीन आठवडे आधी सुरुवात. हा साठा मात्र गोठवायचा, कारण तो घरातून हलणार नाही. एका पिशवीत ६० ते १२० मिलिलिटरच भरा. गोठताना दूध फुगतं, म्हणून वर दोन बोटं जागा सोडा. पिशवी आडवी, चपटी गोठवा, लवकर गोठते आणि लवकर सुटते. सिंगल डोअर फ्रिजच्या आतल्या बर्फाच्या कप्प्यावर महिनोन्‌महिने विसंबू नका. त्याचं दार वारंवार उघडतं आणि तापमान उणे १८ ला पोचत नाही, तिथे दोन आठवडेच धरा. वीज जाणाऱ्या गावात एक जुनी युक्ती कामाची आहे. वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं बर्फात रुतलेलं किंवा तळाला गेलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं.

दौऱ्यावर पंपाने निघणारं दूध बाळ ओढून पितं त्यापेक्षा बहुधा कमी भरतं. १.५ लिटर पाजून १.१ लिटर परत आणलं तर काही बिघडलेलं नाही. पण वेळा चुकवू नयेत. दिवसा दर तीन तासांनी, १५ ते २० मिनिटं. मीटिंग लांबली म्हणून पाच-सहा तास गेले की दूध दाटतं, छाती दगडासारखी होते, आणि पुढच्या वेळी पंप लावला तरी पान्हा फुटत नाही. मग हलक्या हाताने थोडं दूध आधी काढून टाकायचं, म्हणजे स्तनाग्राभोवतीचा भाग मऊ होतो आणि पंपाची पकड बसते. लाल, गरम, दुखरा पट्टा आणि सोबत थंडी-ताप अशी लक्षणं दिसली तर दौऱ्यावर असलात तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सकाळी ७ च्या विमानाने जायचं असेल तर दिवस साधारण असा बसवावा. घरून निघताना ४ वाजता पाजायचं. विमानात चढण्याआधी एकदा काढायचं, आणि उतरल्यावर विमानतळावरच्या बेबी केअर रूममध्ये साडेनऊच्या सुमाराला पुन्हा. मग साडेबारा, चार, सात, झोपण्याआधी दहा-साडेदहा आणि पहाटे पाच. जिथे जाताय त्या ऑफिसला आधी कळवून आतून कडी लागणारी खोली मागून घ्या. शौचालय ही दूध काढायची जागा नाही, हे सांगताना अवघडू नका. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आलेली तरतूद आहे की मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला जेवणाच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळाला पाहिजे. कॅलेंडरमध्ये २५ मिनिटांचे चौकोन आधीच अडवून ठेवलेले बरे. ऐनवेळी उठून जाण्यापेक्षा ते सगळ्यांना सोपं पडतं.

कोमट दूध बर्फ खातं

आपल्याकडे बहुतेकींचं इथेच चुकतं. अर्धा लिटर ताजं दूध ३७ अंशांवरून ४ वर आणायला साधारण ६५ किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे अर्धा लिटर कोमट दूध सरळ कूलर पिशवीत टाकलं की २०० ग्रॅम बर्फ तिथेच खर्ची पडला. बाजारात दुधाच्या पिशव्यांसोबत मिळणारे छोटे जेल पॅक एवढ्याच वजनाचे असतात. दिवसभरात तीनदा असं केलं की संध्याकाळी पॅक लिबलिबीत, आणि सकाळी थंड झालेलं दूधही पुन्हा तापू लागलेलं.

म्हणून आधी दूध थंड करायचं, मग पिशवीत ठेवायचं. ऑफिसच्या पँट्रीतून ग्लासभर बर्फ आणि थोडं पाणी घ्या, दुधाची बंद बाटली त्यात गळ्यापर्यंत बुडवून दहा मिनिटं धरा, मधूनमधून हलवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाण्याचं मिश्रण लवकर थंड करतं, कारण पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं. ताजं कोमट दूध आधीच्या थंड दुधात ओतू नका. दोन्ही सारखी थंड झाली की एकत्र करा, आणि त्या पिशवीवर जुन्या दुधाची वेळ लिहा.

बर्फ मिळणारच नाही अशा ठिकाणी रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास सकाळी हॉटेलमधूनच बर्फाने अर्धा भरून न्या. त्यात दुधाची पिशवी दुसऱ्या झिपच्या पिशवीत घालून खोचून ठेवली की एका वेळचं काम भागतं. हॉटेलचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ती दुसरी पिशवी हवीच.

कूलर पिशवीचा हिशोब

सहा-सात लिटरची, बऱ्यापैकी जाड फोमची मऊ पिशवी घ्या. बाहेर ३२ ते ३५ अंश असताना अशा पिशवीत दर तासाला अंदाजे १०० ते २०० ग्रॅम बर्फ वितळतो. फोम किती जाड आणि चेन किती घट्ट यावर ते ठरतं. हॉटेल ते घर सात तास लागणार असतील तर किमान १ ते १.२ किलो आइस पॅक लागतील. ४०० ग्रॅमचे तीन धरा. एसी टर्मिनलमध्ये आणि विमानात बर्फ कमी खर्च होतो, टॅक्सीच्या डिकीत सगळ्यात जास्त. पिशवी डिकीत कधीच टाकू नका, मांडीवर किंवा पायाशी ठेवा.

आशाताई आणि एएनएम (आरोग्यसेविका) लसीकरणाला जाताना जो व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला लावतात, त्यात चारही बाजूंनी चार आइस पॅक असतात आणि लस मधोमध. रचना तीच उचला. पॅक तळाला, दोन बाजूंना आणि वर, दूध मधे. फरक एवढाच की काही लसी गोठल्या तर वाया जातात, म्हणून त्या ताई पॅक बाहेर काढून थोडे सुटू देतात आणि आतून पाण्याचा आवाज आल्यावरच भरतात. दुधाला ते बंधन नाही. पॅक कडकडीत गोठलेलेच भरा. कडेची एखादी पिशवी अर्धवट गोठली तर घाबरू नका, पण घरी पोचल्यावर तीच आधी वापरा.

दुधाच्या पिशव्या सुट्या न ठेवता उभट स्टीलच्या डब्यात उभ्या लावा. स्टीलमधून थंडावा चटकन पोचतो, पिशवी गळली तर दूध डब्यातच राहतं आणि बाकीच्या पिशव्या दबत नाहीत. रिकामी जागा रुमालाने भरा, आतली हवा जितकी कमी तितकं बरं. चार-पाचशे रुपयांचा छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, त्याचं वायरवालं टोक डब्याशेजारी आणि आकडा बाहेर, म्हणजे पिशवी उघडून बघावं लागत नाही. निघायच्या आठवड्यात घरीच रंगीत तालीम करा. फ्रिजमधलं दीड लिटर पाणी दुधाच्या जागी भरून, पॅक लावून, पिशवी स्वयंपाकघरात आठ-दहा तास ठेवा. आकडा कितव्या तासाला ४ च्या वर जातो ते कळलं की दौऱ्यावर अंदाजपंचे काही उरत नाही.

विमानात आणखी एक गंमत होते. उंचावर केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे पिशवीत अडकलेली हवा एक तृतीयांशाने फुगते. अर्धी हवा असलेली पिशवी शिवणीवर उसवते ती त्यामुळे. सील करण्याआधी पिशवी टेबलाच्या कडेवर दाबून हवा काढून टाका. आपण पाकिटात सामोसे घेतो तेव्हा करतो तसं नुसतं मुरडणं पुरत नाही, दुहेरी झिप दोन्ही बाजूंनी चिमटीने दाबत न्यायची. मग पिशवी उलटी धरून पाच सेकंद थेंब पडतो का ते बघायचं.

कोरड्या बर्फाचा, म्हणजे ड्राय आइसचा, सल्ला कुणीतरी देतंच. तीन-चार दिवसांच्या दौऱ्याला तो नको. विमानात एका प्रवाशाला २.५ किलोपर्यंत, तेही विमान कंपनीची आधी परवानगी घेऊन आणि वायू बाहेर पडेल अशाच खोक्यात नेता येतो. घट्ट बंद डब्यात तो भरला तर डबा फुटू शकतो, आणि उघड्या हाताने धरला तर कातडी जळते. महिनाभराच्या दौऱ्यावरून गोठवलेला मोठा साठा आणायचा असेल तेव्हा त्याचा विचार करावा.

हॉटेल

खोलीतला मिनीबार म्हणजे फ्रिज नव्हे. बरेच मिनीबार ८ ते १२ अंशांच्या खाली जातच नाहीत, आणि दाराजवळच्या खाचेतलं चावीचं कार्ड काढलं की काही हॉटेलांत त्यांचीही वीज बंद होते. तुम्ही दिवसभर मीटिंगमध्ये, दूध खोलीत २८ अंशांवर. चेक-इन करतानाच दोन गोष्टी विचारा. कार्ड काढल्यावर मिनीबार चालू राहतो का? नसेल तर दुसरं कार्ड मिळेल का? थर्मामीटर एक तास आत ठेवून बघा. ४ अंश दाखवत नसेल तर कूलर पिशवीच पॅकसकट मिनीबारमध्ये कोंबा आणि पॅक रोज बदला.

पॅक गोठवायचे कुठे, हा खरा प्रश्न. मिनीबारच्या वरच्या कप्प्यात जेल पॅक गोठत नाही, नुसता थंड होतो. तो किचनच्या डीप फ्रीजरमध्येच द्यावा लागतो आणि ४०० ग्रॅमचा पॅक पूर्ण गोठायला १२ तास तरी लागतात. सकाळी ६ ला निघायचं असेल तर संध्याकाळी ६ च्या आधी पॅक किचनमध्ये पोचले पाहिजेत. पॅकचे दोन संच न्यावेत, एक पिशवीत, एक गोठत. प्रत्येक पॅकवर चिकटपट्टी लावून नाव, खोली क्रमांक आणि निघायची वेळ लिहा. रिसेप्शनवर सांगून भागत नाही, कारण रात्रीची पाळी बदलते आणि सकाळच्या माणसाला काहीच माहीत नसतं. शक्य असेल तर किचनच्या सुपरवायझरच्या हातात द्या आणि पहाटे निघायच्या अर्धा तास आधी स्वतः फोन करा. ‘आईचं दूध’ म्हणायला संकोच वाटत असेल तर ‘औषध आहे, थंड ठेवावं लागतं’ एवढंही पुरतं, पण खरं सांगितलं की किचनमधल्या बायका जास्त जपतात असा अनुभव अनेकींचा आहे.

पंप आणि त्याचे सुटे भाग

मोटर चालू आहे, आवाज नेहमीसारखा आहे, पण ओढ नाही. दहातल्या नऊ वेळा दोष व्हॉल्व्हचा असतो. तो सिलिकॉनचा पातळ, चोचीसारखा तुकडा असतो आणि घासून धुताना फाटतो. त्याची चीर बोटाने उघडून बघा, मिटत नसेल तर बदला. जादा दोन व्हॉल्व्ह पर्समध्येच ठेवा, परगावी तो नेमका तुमच्या मॉडेलचा मिळत नाही. व्हॉल्व्ह ठीक असेल तर पडदा नीट बसलाय का बघा, आणि मग नळी. नळीत बाष्प साचलं तर तिला बाकीचे भाग न जोडता पंप दोन मिनिटं तसाच चालवा, वाळते.

फ्लँजचं, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या फनेलचं, माप हा दुखण्याचा मोठा उगम. स्तनाग्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्यात एक ते तीन मिळवा. खोक्यात येणारा २४ चा फ्लँज सगळ्यांना बसतो असं नाही. कपड्याच्या आत बसणारे पंप मीटिंगच्या दिवशी सोयीचे, पण लॅपटॉपची वायर उचलायला वाकलात की दूध सांडतं. अशा पंपासोबत एक साधा हातपंप हवाच. चार्जर विसरला, बॅटरी संपली, ट्रेनमध्ये प्लग चालेना, अशा वेळी तोच उपयोगी पडतो. तोही नसेल तर हाताने काढता येतं. अंगठा आणि बोटं स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, आधी छातीकडे दाबायचं, मग चिमटीत घ्यायचं, मग सोडायचं, त्वचेवर घासायचं नाही. खाली उकळलेली स्टीलची वाटी.

पंप आणि पॉवर बँक केबिनच्या सामानातच ठेवा, सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक परवानगीशिवाय नेता येते, म्हणजे साधारण २७,००० एमएएचच्या आत. मात्र अनेक विमान कंपन्या आता उड्डाणात पॉवर बँक वापरू देत नाहीत, तेव्हा पंप आधीच पूर्ण चार्ज करून घ्या. अमेरिकेला जाताना अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का तेवढं बघा.

धुण्याचं म्हणाल तर भाग थेट बेसिनमध्ये टाकू नका, बेसिन हीच सगळ्यात घाण जागा. एक छोटा प्लास्टिकचा टब आणि वेगळा ब्रश न्या, साबणाच्या गरम पाण्याने धुवा, स्वच्छ टॉवेलवर हवेत वाळू द्या. रात्री किटलीतलं उकळतं पाणी स्टीलच्या डब्यात ओतून त्यात भाग बुडवा. वापरलेले भाग न धुता फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वापरायची पद्धत बऱ्याच जणी सांगतात. दोन महिन्यांच्या आतलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर ती अजिबात नको. बाकीच्यांनी पंपाच्या भागांचे दोन-तीन संच नेणं हा जास्त शहाणपणाचा मार्ग.

तपासणी, विमान, गाडी

देशांतर्गत विमानात आईच्या दुधावरून सहसा अडचण येत नाही. रांगेत पिशवी यंत्रात टाकण्याआधीच सांगा की यात आईचं दूध आणि आइस पॅक आहेत. ‘माँ का दूध’ हे शब्द सीआयएसएफच्या जवानाला लगेच कळतात. महिला कर्मचारी मागता येते. दुधाचा डबा वरच, चटकन निघेल असा ठेवा. पॅक कडक गोठलेले असले की प्रश्न कमी, अर्धे वितळलेले असले की ते द्रव धरले जाऊ शकतात. बालरोगतज्ज्ञांची दोन ओळींची चिठ्ठी जवळ असली की बोलणं लवकर संपतं. केबिन बॅगेची ७ किलोची मर्यादा मात्र आधी वजन करून बघा. दीड लिटर दूध, सव्वा किलो बर्फ, पंप आणि लॅपटॉप मिळून ती सहज ओलांडते. कपडे चेक-इनला द्या, दूध नव्हे. चेक-इनची बॅग उन्हात ट्रॉलीवर किती वेळ पडेल ते आपल्या हातात नसतं.

परदेशी उड्डाणांत १०० मिलिलिटरचा नियम लागतो, आणि बाळाच्या दुधाला त्यातून सूट असली तरी बाळ सोबत नसताना काय, याचं उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत स्पष्ट आहे. बाळ सोबत नसलं तरी आईचं दूध, आइस पॅक आणि पंप केबिनमध्ये चालतात, फक्त वेगळे काढून दाखवायचे. ब्रिटनमध्येही बाळाशिवाय चालतं, एका भांड्यात २ लिटरपर्यंत, पण गोठवलेलं दूध हातातल्या सामानात नेता येत नाही. लंडनहून परतणारीला तरी गोठवण्याचा मोह इथेच सोडावा लागतो. दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदलताना पुन्हा तपासणी होते, तेव्हा तिथले नियम निघायच्या आधी वाचा. अमेरिकेत राहणाऱ्यांना एक पर्याय आहे. मिल्क स्टॉर्कसारखी सेवा २०१५ पासून थंड खोक्यातून दूध घरी पोचवते आणि काही कंपन्या त्याचा खर्च देतात. आपल्याकडे दुधाचं असं कुरिअर कुणाच्या भरवशावर करू नये.

विमानात कर्मचारी दूध त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून घेतील अशी आशा धरू नका, बर्फ मात्र मागितला तर देतात. दोन तासांच्या उड्डाणात पंप करायची गरज पडू नये, चढण्याआधीच काढा. लांबच्या उड्डाणात खिडकीची सीट, हातपंप आणि ओढणी.

ट्रेनमध्ये पँट्री कारच्या फ्रिजवर भिस्त नको, त्यात काय काय असतं आणि दार किती वेळा उघडतं ते बघवत नाही. १५-१६ तासांची राजधानी असेल तर पिशवीचा बर्फ दुप्पट घ्या, म्हणजे दोन ते अडीच किलो, आणि फोम जाड हवा. सेकंड एसीत पडदा असतो, तिथली वरची किंवा बाजूची बर्थ दूध काढायला बरी पडते. महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष आहेत. कुठे स्वच्छ, पंखा चालू, कुठे कुलूप. कुलूप दिसलं तर वाहतूक नियंत्रकाकडे चावी मागा. आत प्लग असेलच असं नाही, म्हणून इथेही हातपंप.

घरी पोचल्यावर

पिशवी उघडताच आधी थर्मामीटर बघा, मग दूध. पॅकमध्ये अजून कडक बर्फ असेल आणि दूध हाताला गार लागत असेल तर सरळ फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, दारात नाही. आकडा ४ च्या वर गेला असेल तर तो किती वेळ वर होता यावर निर्णय घ्या. तासाभराचा प्रश्न असेल तर ते दूध त्याच दिवशी पाजून संपवा. पॅक पूर्ण वितळून दूध खोलीच्या तापमानाला आलं असेल आणि केव्हापासून ते सांगता येत नसेल तर ओतून द्या. जीव तुटतो, पण ओतून द्या. पहिल्या दिवशी काढलेलं दूध आता अडीच-तीन दिवसांचं झालंय, म्हणून पहिलं तेच वापरा. जे उद्या-परवापर्यंत लागणार नाही ते आजच गोठवा, चौथ्या दिवसाची वाट बघू नका.

वर साय, खाली निळसर पाणी असं दिसलं की आजी हमखास म्हणते, दूध फाटलं. फाटलेलं नसतं. हलकेच गोल फिरवलं की एक होतं. साबणासारखा वास येत असेल तर ते लायपेज या पाचकरसाचं काम, त्यात अपाय नाही, पण काही बाळं तोंड फिरवतात. आंबट, नासका वास वेगळा, तो आला तर टाकायचंच. तुमच्या दुधाला साबणी वास येतो का, हे दौऱ्याच्या आधी एक वाटी दूध तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवून बघून घ्या. येत असेल तर पुढच्या वेळी गोठवायचा साठा ताजा असतानाच कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत, साधारण ८२ अंशांपर्यंत तापवून लगेच थंड करायचा, उकळू द्यायचा नाही.

बाळाला देताना मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध मधेच कुठेतरी चटका बसण्याइतकं तापतं. कोमट पाण्याच्या पातेल्यात पिशवी धरा. एका वेळी ६० मिलिलिटरच काढा, लागलं तर पुन्हा. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दिलं तर बाळ नंतर अंगावर प्यायला कुरकुर करत नाही. जी आजी किंवा मावशी पाजणार आहे तिच्यासाठी फ्रिजच्या दारावर कागद लावा. त्यावर चारच ओळी: कोणती पिशवी आधी, किती वेळ गरम पाण्यात, उरलेलं कधी टाकायचं, आणि तुम्ही विमानात असताना फोन कुणाला करायचा.